आमच्या रक्ताचे पुढे काय झाले?

दरवर्षी दिवाळी आटोपली की आमच्या गावात एक पांढरी जीप येत असे. दोन परिचारिका, एक तरुण डॉक्टर आणि वजनकाटा उचलणारा एक मदतनीस असा तो ताफा. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले जाई आणि गावातील ठरावीक घरांतील माणसे उपाशीपोटी रांगेत बसत. माझी आई अकरा वर्षे त्या रांगेत होती. वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि शेवटी रक्ताच्या तीन नळ्या. आई सातवी शिकलेली. पुढे केलेल्या कागदावर ती वळणदार सही करी आणि घरी येऊन त्या मुलींसाठी चहा टाकी. ‘एवढ्या लांबून येतात, त्यांना तसंच कसं पाठवायचं?’ हे तिचे म्हणणे.

बाराव्या वर्षी जीप आली नाही. प्रकल्प संपला, असे मागाहून समजले. त्या हिवाळ्यात आईने मला विचारले, ‘अरे, एवढी वर्षं रक्त नेलं त्यांनी. पुढं काय झालं रे त्याचं?’ मी शिक्षकी पेशातला माणूस. उत्तर ठाऊक नसले की पत्र लिहावयाचे, ही सवय. संबंधित संस्थेला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. पुढे आई गेली. काही वर्षांनी एका परिचित डॉक्टरांनी त्या संशोधनाचा छापील निबंध माझ्या हाती ठेवला. त्यातील एका तक्त्यात आमच्या तालुक्यातील पन्नाशीपुढील स्त्रियांची सरासरी साखर दिली होती. त्या आकड्यात माझी आई होती. निबंध उत्तम होता, त्यातून निघणारा निष्कर्ष समाजाच्या हिताचा होता. परंतु ज्या व्हरांड्यात ते रक्त काढले, तेथे येऊन चार वाक्यांत तो निष्कर्ष सांगावा, असे अकरा वर्षांत कोणाला सुचले नाही.

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे की, वैद्यकीय संशोधनाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी मी नाही. रुग्णांच्या नोंदींवाचून वैद्यकशास्त्र एक पाऊल पुढे जाऊ शकत नाही आणि आपल्या देशाला तर आपल्या स्वतःच्या नोंदींची नितांत आवश्यकता आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. गर्भारपणापासून त्या मातांचा आहार, श्रम, रक्त यांची नोंद झाली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यातून जे हाती लागले, त्याने पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील गृहीतकाला धक्का दिला. आपले बाळ इंग्लंडमधील बाळापेक्षा वजनाने बरेच कमी, दिसावयास किडकिडीत. पण त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक! मातेच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलाचा पुढील काळातील मधुमेहाकडे असलेला कल यांचा धागाही याच अभ्यासातून पुढे आला. परक्यांच्या मापाने आपल्या देहाचे आरोग्य मोजता येत नाही, हे त्या सहा खेड्यांतील मायभगिनींनी जगाला दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयचा २३ हा आकडा सावधगिरीचा टप्पा म्हणून सुचविला, तोही आशियातील माणसांच्या अशाच नोंदींच्या आधारावर.

दुसरे उदाहरण बार्शीचे. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातील ती पहिली. परंतु मुंबईचे आकडे म्हणजे भारताचे आकडे नव्हेत. म्हणून १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण भागासाठी तशी नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत कार्यकर्ते फिरू लागले. खेड्यातील स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका किती, ती कोणत्या टप्प्यावर रुग्णालयात पोहोचते, हे आज ठामपणे सांगता येते ते या पायपिटीमुळे.

आता येथे एक बारकावा आहे आणि तो समजून घेतल्याविना या विषयावर मत देणे व्यर्थ आहे. सर्वसामान्य माणूस सहज म्हणतो, ‘नावे काढून टाका आणि काय ते संशोधन करा.’ एवढे सोपे असते तर प्रश्नच नव्हता. भूम तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या घशात गाठ येते. तो आधी बार्शीला दाखवितो, तेथून सोलापूरला जातो, अखेर मुंबईच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो आणि वर्षभराने गावी त्याचा मृत्यू होतो. तीन ठिकाणी तीन केसपेपर, ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत चौथी ओळ. नाव, वय, गाव यांची जुळणी केली नाही तर या एका माणसाचे तीन रुग्ण होतील आणि त्याचा मृत्यू कोणाच्याच खात्यावर पडणार नाही. म्हणजेच नोंदणी करणाऱ्याला नाव लागतेच. जबाबदार संस्था अशा वेळी नावाच्या जागी क्रमांक घालतात आणि कोणता क्रमांक कोणाचा, याची किल्ली वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवतात. सारा प्रश्न त्या किल्लीचा आहे.

आणि नाव काढले तरी माणूस लपतोच असे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने गेल्या शतकाच्या अखेरीस सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालय-नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या. खासगीपणाला कोणताही धोका नाही, अशी ग्वाही तेथील गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. लाटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने वीस डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड जुळविला आणि खुद्द गव्हर्नरसाहेबांच्याच नोंदी शोधून काढल्या! आपल्याकडे तर याहून सोपे आहे. मतदारयादीत घरक्रमांक आणि वय छापलेले असते. आडनावावरून गाव आणि समाज कळतो. दोन हजार वस्तीच्या गावातील ‘स्त्री, वय ३४, क्षयरोग, पती मुंबईस गिरणीत’ एवढे वाक्य पुरते. संशोधकाला ती एक नोंद वाटते, पाणवठ्यावर मात्र तिला नाव असते. क्षय, कुष्ठरोग, वंध्यत्व, मानसिक आजार, एचआयव्ही यांपैकी काही बाहेर फुटले तर मुलीचे लग्न मोडते, भाड्याची खोली सोडावी लागते. हे कल्पनेने लिहीत नाही. आपल्या आळीत ज्याने डोळे उघडे ठेवले आहेत, त्याला ठाऊक आहे.

वैद्याने रुग्णाचे गुपित जपावे, ही कल्पना आपण पश्चिमेकडून आणलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्याला दीक्षा देताना सांगावयाचे नियम आहेत. रुग्णाच्या घरात ओळखीच्या माणसासह आणि अनुमतीने प्रवेश करावा, लक्ष रुग्णावरच ठेवावे आणि त्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दंडक सांगून पाठ थोपटून घेणे सोपे आहे. पण आजच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात जाऊन पाहावे. सुतळीने बांधलेले गठ्ठे जिन्याखाली रचलेले असतात आणि त्यातील एखादी फाईल ‘प्रबंधासाठी हवी आहे’ असे सांगून कोणताही पदव्युत्तर विद्यार्थी काखेत घालून नेतो. तिचे छायाचित्र मोबाईलमध्ये निघते, ते व्हॉट्सअॅपवरील गटात फिरते. त्या मुलाच्या मनात पाप नसते. हे कोणाच्या तरी घरातील आहे, हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते.

याच काळात पुण्या-मुंबईतील आपली मुले वातानुकूलित कार्यालयांत बसून अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदी टंकलिखित करीत होती. तिकडचे डॉक्टर बोलत, इकडे ते कागदावर उतरे. तेथील १९९६ च्या कायद्याचा आणि २००३ पासून लागू झालेल्या नियमांचा धाक असा की, कामावर येताना मोबाईल बाहेर ठेवा, पेनड्राइव्ह आणू नका, कागदाचा कपटा बाहेर नेऊ नका. बोस्टनच्या आजोबांचा मधुमेह आमच्या मुलांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळला. आमच्या आजोबांचा जिन्याखाली पडून राहिला.

परकीय शक्तींच्या लुबाडणुकीविषयी आपण जागरूक असतो, आणि ते योग्यच आहे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झुंज दिली आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. खम्मम येथील प्रकरणही आपल्या स्मरणात असेल. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्यात आली. खम्मममधील कित्येक वनवासी मुली आश्रमशाळांत राहणाऱ्या. त्यांच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या! २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. दरम्यान झालेल्या सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत सांगितले गेले. परंतु संमतीच्या बाबतीत झालेल्या अनाचारावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. मात्र त्या अहवालाचा केवळ अर्धा भाग सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. समितीने परदेशी संस्थेला जितके सुनावले, तितकेच आपल्या आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला आणि औषध नियंत्रकांनाही सुनावले. दार बाहेरच्याने ढकलले असेल. कडी आतूनच काढलेली होती.

मग कायदा काय म्हणतो? २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्या देणे, हे डॉक्टरांवर बंधन आहे. (आपल्यापैकी किती जणांनी ही मागणी कधी केली आहे?) ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०१८ मध्ये केवळ आरोग्यविषयक माहितीसाठी एका स्वतंत्र कायद्याचा मसुदा आला, तो मसुदाच राहिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कायदा आला याचे स्वागतच केले पाहिजे. नियमभंगाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, हेही थोडे नाही. तथापि, त्यातील तीन गोष्टी खटकतात. पूर्वीच्या विधेयकात आरोग्यविषयक माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळे स्थान होते, ते या कायद्यात नाही. हा कायदा संगणकीय माहितीपुरता आहे. जिन्याखालचा गठ्ठा जोवर संगणकावर चढत नाही, तोवर त्याच्या कक्षेत येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संशोधनाला दिलेली सवलत. एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी माहिती वापरली जात नसेल आणि ठरवून दिलेले निकष पाळले जात असतील, तर संशोधनाच्या कामाला हा कायदा लागूच होत नाही.

सवलत नसावी, असे मी म्हणणार नाही. बार्शीच्या नोंदणीला प्रत्येक मृताच्या वारसाकडून सही आणा म्हटले तर ती उद्याच बंद पडेल. परंतु ‘संशोधन’ हा शब्द आज फार लवचीक झाला आहे. विद्यापीठातील प्राध्यापक करतो ते संशोधन, औषध कंपनी करते तेही संशोधन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा तयार करून ती बाजारात विकणारी कंपनी करते, तेही संशोधनच. तिघांना एकाच दाराने आत सोडावयाचे काय?

ब्रिटनचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील सरकारने २०१४ च्या प्रारंभी घरोघरी पत्रके टाकून साऱ्या देशातील डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याची योजना जाहीर केली. हेतू संशोधनाचा, म्हणजे चांगलाच. इतक्यात १३ वर्षांच्या रुग्णालय-नोंदी विमा क्षेत्रातील गणितज्ञांच्या एका संस्थेला आधीच विकल्या गेल्याचे उघडकीस आले. लोक बिथरले, योजना स्थगित झाली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. त्याच देशात लंडनच्या एका रुग्णालयाने १६ लाख रुग्णांची माहिती गूगलच्या मालकीच्या कंपनीला दिली. त्यात कायद्याचा भंग झाल्याचे २०१७ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी ठरविले. विश्वास असा तुटला.

पण त्याच ब्रिटनने २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत वेगळा मार्गही दाखविला. ‘ओपनसेफली’ या व्यवस्थेत संशोधकाला नोंदी दिल्याच जात नाहीत. त्याने आपला प्रश्न संगणकाच्या भाषेत लिहून पाठवावयाचा. नोंदी जेथे आहेत तेथेच तो चालविला जातो आणि बाहेर येतात ते केवळ एकत्रित आकडे. कोणी काय विचारले, याची सूची सर्वांसाठी खुली. पावणेदोन कोटींच्या आसपास प्रौढांच्या नोंदींवरून कोविडचा धोका कोणाला अधिक, हे काही महिन्यांत कळले आणि एकाही रुग्णाचा कागद जागचा हलला नाही. तिजोरी घरी न्यावयाची नाही, तिजोरीपाशी बसून हिशेब करावयाचा. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू झाले. भारतीयांच्या १० हजार जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या राष्ट्रीय केंद्रातून संशोधकांसाठी खुली करण्यात आली. अभिमान वाटावा असेच हे कार्य आहे. म्हणूनच ही पद्धत आताच स्वीकारावी, नंतर नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि दोन आठवडे देशातील सर्वश्रेष्ठ रुग्णालय कागद-पेनवर आले, हे विसरता येत नाही.

जनुकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आइसलँडमध्ये १९९८ च्या कायद्याने साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका कंपनीच्या हाती सोपविण्याचे ठरले. एका मुलीने आक्षेप घेतला की, दिवंगत वडिलांच्या नोंदींतून माझ्याविषयीही कळते. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. हे वाचले तेव्हा मला त्या तीन नळ्या आठवल्या. आईच्या रक्तात माझाही अर्धा वाटा होता.

निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर सामान्य नागरिक म्हणून यावे, अशी विचारणा झाली, तेव्हा याच कारणाने मी होकार दिला. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक समितीवर असा एक बिगरवैद्यकीय नागरिक असावा लागतो आणि अध्यक्षही संस्थेबाहेरचा. पहिल्या बैठकीत दोन तासांत चौदा प्रस्ताव होते. जुन्या केसपेपरांवर आधारित अभ्यासांना संमतीची अट माफ करण्याचा अधिकार समितीला आहे. धोका अत्यल्प असेल तर ते रास्तही आहे. पण तेथे माफी मागितली जात होती आणि मिळत होती, चहा यावा तशी. मी एकाला विचारले, ‘नावांची किल्ली कोणाकडे राहणार?’ तो तरुण म्हणाला, ‘सर, माझ्याच लॅपटॉपवर.’ दुसरा प्रश्न विचारला, ‘काम झाल्यावर रुग्णांना काय सांगणार?’ सारे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी व्याकरणाची चूक काढली! आता प्रत्येक प्रस्तावाच्या शेवटी हे दोन रकाने आहेत. बहुतेक वेळा ते भरले जातात. या खुर्च्या राज्यभर आहेत आणि अनेक ठिकाणी तेथे सही करण्यापुरता कोणीतरी बसविलेला असतो. आपल्या वाचकांत निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, वकील पुष्कळ आहेत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

शेवटी घरातील केर. आपल्यापैकी अनेकजण रक्तदान आणि आरोग्य तपासणीची शिबिरे भरवितात. आमच्या भागात गेल्या वर्षी झालेल्या शिबिराची नोंदवही मला एका कार्यकर्त्याच्या घरी टीपॉयवर सापडली. ३१२ नावे, दूरध्वनी क्रमांक, साखर, रक्तदाब. मागच्या कोऱ्या पानांवर त्यांच्या नातवाने पाढे लिहिले होते. शिवाय यादीची एक झेरॉक्स कोणी तरी मागितली म्हणून एका विमा प्रतिनिधीला दिली गेली होती. ‘आपलाच माणूस आहे’, असे उत्तर मिळाले. मला आईचे पत्र अनुत्तरित ठेवणाऱ्या त्या संस्थेवर एवढी वर्षे राग होता. त्या संध्याकाळी तो काहीसा ओसरला.

ती झेरॉक्स परत आणली. नावांची यादी वेगळी आणि आकड्यांची वेगळी केली, वही कार्यालयाच्या कपाटात कुलपात गेली. मग प्रत्येकाच्या नावे एक चिठ्ठी लिहिली. तुमची साखर एवढी, तिचा अर्थ असा, डॉक्टरांना दाखवावयाचे की नाही, आणि एकूण तपासलेल्यांपैकी किती जणांची वाढलेली निघाली. चार रविवार घरोघर फिरलो. एका आजींनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारले, ‘म्हणजे आपल्या गल्लीत एवढ्यांना साखर आहे? मग त्या मिठाईवाल्याला सांगा की जरा.’ २६० चिठ्ठ्या पोहोचल्या. उरलेल्यांचे पत्ते चुकीचे निघाले. त्या अजून कपाटात आहेत आणि चौकशी सुरू आहे.